चिप, डेल आणि मोठा झालेला पीटर पॅन

१/
२० मे २०२२ रोजी ‘डिस्ने प्लस’वर ‘चिप अँड डेल: रेस्क्यू रेंजर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याकडून फारशी अपेक्षा कुणी ठेवली नव्हती. तीस वर्षांपूर्वीची मुलांची कार्टून मालिका, खारीच्या कुळातले दोन पट्टेरी चिपमंक आणि जुन्या नावावर नवा पैसा मिळवण्याची हॉलिवूडची जुनीच युक्ती, एवढेच त्याचे भांडवल दिसत होते. प्रत्यक्षात तो खळखळून हसवणारा निघाला आणि त्याच वर्षी त्याला उत्कृष्ट टेलिव्हिजन चित्रपटाचा एमी पुरस्कारही मिळाला. त्यातील बहुतेक विनोदांच्या मुळाशी अमेरिकी ॲनिमेशन उद्योगाचा इतिहास आहे. त्याच इतिहासातील एका मुलाची कहाणी मात्र हसू थांबवणारी आहे. #थ्रेड

(चित्रपटातील रहस्य पुढे उघड होणार आहे, याची नोंद घ्यावी.)

२/
प्रथम या दोघांचा जन्म. २ एप्रिल १९४३ रोजी ‘प्रायव्हेट प्लूटो’ हा डिस्नेचा लघुपट आला. दुसरे महायुद्ध सुरू होते. मिकीचा कुत्रा प्लूटो सैन्यात पहारेकरी झालेला आणि ज्या तोफेचे रक्षण त्याच्याकडे सोपवलेले, तीच तोफ दोन निनावी चिपमंक आक्रोड फोडण्यासाठी वापरत असलेले. शिस्तीच्या काळात शिस्तीची फजिती करणारे हे दोन चिमुकले प्राणी लोकांना आवडले. तरीही त्यांना नावे मिळायला आणखी चार वर्षे लागली.

३/
१९४७ मध्ये दिग्दर्शक जॅक हॅना यांच्या लघुपटात त्यांचे बारसे झाले: चिप आणि डेल. हे नाव म्हणजे १८व्या शतकातील विख्यात इंग्रज फर्निचर-कारागीर टॉमस चिपेंडेल यांच्या आडनावावरील कोटी. एका सुताराच्या आडनावाचे दोन तुकडे झाले आणि दोन पात्रे तयार झाली. ओळखण्याची खूणही ठरली. काळ्या नाकाचा चिप धूर्त आणि शहाणा. लाल नाकाचा, दात पुढे आलेला डेल वेंधळा. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढे अनेक वर्षे डोनाल्ड डकला सळो की पळो करून सोडणे, हेच त्यांचे काम होते.

४/
या गोंडस चित्रांमागे त्या काळी मोठा असंतोष होता. ‘प्रायव्हेट प्लूटो’च्या दोन वर्षे आधी, मे १९४१ मध्ये, डिस्नेच्या कलावंतांनी संप पुकारला होता. वेतनातील प्रचंड तफावत, कामावरून कमी करणे, पडद्यावर श्रेय न मिळणे आणि संघटनेला मान्यता नाकारणे ही त्यामागची कारणे होती. वॉल्ट डिस्ने यांना हा संप अखेरपर्यंत विश्वासघात वाटत राहिला. हा प्रसंग लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण २०२२ च्या चित्रपटातील विनोद याच प्रश्नाभोवती फिरतो. कार्टून हा जर नोकरी करणारा कामगार असता, तर?

५/
आता १९८० च्या दशकाकडे. चित्रपटगृहांतील लघुपटांचा जमाना संपला होता आणि कार्टून टेलिव्हिजनवर स्थिरावले होते. १९८७ मध्ये डिस्नेने ‘डकटेल्स’ आणली. तिचे यश पाहून त्याच पद्धतीच्या आणखी मालिका काढण्याचे ठरले. या मालिका साधारण ६५ भागांच्या असत. त्यामागे साधा हिशेब होता: आठवड्याचे पाच दिवस आणि १३ आठवडे, म्हणजे ६५. एवढे भाग हाती असले की स्थानिक वाहिन्यांना रोज दुपारी एक भाग दाखवता येई आणि शेवट गाठला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येई. दुपारी शाळेतून परतलेली मुले हा तिचा ठरलेला प्रेक्षक होता.

६/
निर्माते टॅड स्टोन्स यांची मूळ कल्पना वेगळी होती. डिस्नेच्याच ‘द रेस्क्यूअर्स’ या १९७७ च्या चित्रपटातील उंदरांवर मालिका करावी, असे त्यांना वाटत होते. पण त्या चित्रपटाचा उत्तरभाग तयार होत असल्याने ती पात्रे मिळाली नाहीत. मग त्यांनी स्वतःची नवी पात्रे रचली. त्यांचा नायक मात्र वरिष्ठांना रुचला नाही आणि त्याच्या जागी चिप आणि डेल आले. नायक होऊ न शकलेल्या त्या उंदराची टोपी आणि जाकीट चिपच्या अंगावर चढले. ‘इंडियाना जोन्स’ची आठवण करून देणारा तो पेहराव असा आला.

७/
मार्च १९८९ मध्ये डिस्ने चॅनेलवर ‘रेस्क्यू रेंजर्स’ सुरू झाली. टोपी-जाकिटातला चिप, फुलाफुलांच्या शर्टातला डेल, यंत्रे बनवणारी हुशार गॅजेट, चीजचा वास आला की भान हरपणारा मॉन्टरे जॅक आणि झिपर नावाची माशी, अशी ही पाच जणांची गुप्तहेर टोळी. माणसांच्या पोलिसांना क्षुल्लक वाटणारी प्रकरणे ते सोडवत. नोव्हेंबर १९९० मध्ये ६५ वा भाग आला आणि नवी निर्मिती थांबली. भारतातील प्रेक्षकांनाही या पठडीची ओळख आहे. दूरदर्शनवर रविवारी हिंदीत लागणाऱ्या ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ या तिच्याच भावंडं-मालिका.

८/
एक गोष्ट सहसा नजरेआड होते. अशा मालिकांचे लेखन आणि रेखाटनांचा आराखडा अमेरिकेत होई. पण प्रत्यक्ष हजारो चित्रे काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आशियातील स्टुडिओंकडे, विशेषतः जपानमध्ये, पाठवले जाई. तेथे मजुरी स्वस्त पडे आणि रोज एक भाग देण्याची घाई भागत असे. अमेरिकी मुलांचे ‘अमेरिकी’ बालपण अशा रीतीने टोकियोतील टेबलांवरही रेखाटले जात होते. हा तपशील पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

९/
त्यानंतर तीस वर्षे उलटली. दरम्यान जुन्या कार्टूनांच्या पुनरुज्जीवनाची एक ठरावीक पद्धत रूढ झाली होती. ‘गारफील्ड’ (२००४), ‘ॲल्व्हिन अँड द चिपमंक्स’ (२००७), ‘द स्मर्फ्स’ (२०११): पात्र संगणकावर नव्याने घडवायचे, अंगावर खरीखुरी वाटणारी लव चढवायची, त्याला खऱ्या माणसांच्या शहरात सोडायचे आणि चालू फॅशनच्या गाण्यावर नाचवायचे. पैसा भरपूर मिळे. समीक्षक डोक्याला हात लावून बसत. ‘रेस्क्यू रेंजर्स’चीही हीच गत होणार, असे गृहीत धरले गेले होते.

१०/
दिग्दर्शक अकिवा शाफर आणि लेखक डॅन ग्रेगर व डग मँड यांनी ही पद्धत टाळण्याऐवजी तिचीच टर उडवली. त्यांच्या कथेत चिप आणि डेल हे गुप्तहेर नाहीत. गुप्तहेरांच्या भूमिका करणारे नट आहेत. डेलने स्वतंत्र मालिकेच्या मोहाने साथ सोडली, ‘रेस्क्यू रेंजर्स’ बंद पडली, त्याची नवी मालिकाही आपटली आणि मैत्री तुटली. आता चिप विमा विकतो. डेल चाहत्यांच्या मेळाव्यांत सह्या देत बसतो. मालिकेतला तो किनरा आवाजही केवळ भूमिकेपुरता होता. खासगीत दोघे साध्या माणसांसारखे बोलतात.

११/
सर्वांत मोठी कोटी डेलच्या शरीरावर आहे. उतरत्या वयातील नट चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतात, तशी डेलने ‘संगणक-शस्त्रक्रिया’ करून घेतली आहे. तो त्रिमितीय आणि लवदार झाला आहे. चिप मात्र पूर्वीसारखाच सपाट, रेषांनी काढलेला आहे. एकाच चौकटीत ही दोन रूपे शेजारी उभी राहतात आणि प्रेक्षक हसतो. या हसण्यामागे एक वास्तव घटनाक्रम आहे.

१२/
२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिस्नेने हाताने चित्रे काढण्याची आपलीच परंपरा मोडीत काढायला घेतली होती. जानेवारी २००४ मध्ये ऑरलँडो येथील स्टुडिओ बंद झाला. अनेक अनुभवी चित्रकारांना काम सोडावे लागले किंवा संगणक शिकून घ्यावा लागला. २००९ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटाने जुनी पद्धत काही काळ परतली. २०११ च्या ‘विनी द पू’नंतर तीही थांबली. ‘बदल, नाहीतर घरी बस’ हा डेलपुढचा पेच त्या चित्रकारांनी प्रत्यक्षात अनुभवला होता. गंमत अशी की, हाताने काढलेला वाटणारा चिपसुद्धा या चित्रपटासाठी बहुतांशी संगणकावरच घडवून मग सपाट भासवण्यात आला.

१३/
चित्रपटातील दुसरा अविस्मरणीय प्राणी म्हणजे कुरूप सॉनिक. एप्रिल २०१९ मध्ये ‘सॉनिक द हेजहॉग’ या चित्रपटाची पहिली झलक आली, तेव्हा निळ्या साळिंदराला दिलेले माणसासारखे दात पाहून जगभर हाहाकार माजला. काही दिवसांतच दिग्दर्शकाने रूप बदलण्याचे जाहीर केले, प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेले आणि ते दातवाले रूप इतिहासजमा झाले. तीन वर्षांनी तेच ध्यान डिस्नेच्या चित्रपटात, चाहत्यांच्या मेळाव्यात टेबल मांडून बसलेले दिसते. एका स्टुडिओने टाकून दिलेल्या पात्राला दुसऱ्या स्टुडिओत आसरा मिळाला!

१४/
वेगवेगळ्या कंपन्यांच्या पात्रांना एकत्र आणण्याचा मोठा पायंडा १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ने पाडला होता. त्यात डोनाल्ड डक आणि वॉर्नर ब्रदर्सचा डॅफी डक पियानोवर जुगलबंदी करतात. कार्टून हे माणसांत वावरणारे, पगारावर काम करणारे नट आहेत, ही कल्पनाही तेथेच पूर्णत्वाला गेली. २०२२ च्या चित्रपटाने तीच वाट धरली आणि रॉजरलाही क्षणभर दाखवून ऋण फेडले. मातीच्या बाहुलीचा पोलीस कप्तान, निर्जीव डोळ्यांचा संगणकी योद्धा, ‘बॅटमॅन विरुद्ध ई.टी.’चे पोस्टर: ॲनिमेशनच्या इतिहासाचा प्रत्येक थर त्यात कुठे ना कुठे सापडतो.

१५/
कथेतील गुन्हा असा. जुन्या कार्टूनांचे अपहरण होते, एका यंत्रात त्यांचे नाक, मिशा, रंग बदलले जातात आणि त्यांना परदेशी पाठवून नकली चित्रपटांत राबवले जाते. चीजपायी कर्जबाजारी झालेला मॉन्टरे जॅक असाच नाहीसा होतो आणि तुटलेले दोन मित्र शोधासाठी पुन्हा एकत्र येतात.

येथे आठव्या भागातील तपशील आठवावा. चित्रपट परदेशातील नकलेवर हसतो. पण अस्सल मालिकाही परदेशी हातांनीच रेखाटली जात होती. अस्सल आणि नक्कल यांतला फरक चित्र कुणी काढले यावर ठरत नव्हता. तो मालकी कुणाची यावर ठरत होता. खुद्द डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ही ग्रिम बंधूंनी संकलित केलेल्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या लोककथेवर उभा होता.

१६/
आणि आता खलनायक. या टोळीच्या म्होरक्याचे नाव स्वीट पीट. तो प्रत्यक्षात पीटर पॅन आहे, मात्र मध्यमवयीन, पोट सुटलेला, टक्कल पडत चाललेला. ‘कधीच मोठा न होणारा मुलगा’ म्हणून त्याला निवडले गेले, तो मोठा झाला आणि त्याला काढून टाकले गेले, असे तो सांगतो. त्या अपमानातून तो गुन्हेगारीकडे वळला. लेखनाच्या दृष्टीने ही कोटी चोख आहे. चित्रपट प्रदर्शित होताच मात्र अनेक प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी एक जुने नाव पुढे आणले: बॉबी ड्रिस्कोल.

१७/
बॉबी ड्रिस्कोलचा जन्म ३ मार्च १९३७ चा, आयोवा राज्यातला. वॉल्ट डिस्ने यांनी अभिनेते म्हणून ज्यांच्याशी प्रथम दीर्घ करार केला, त्या दोन बालकलावंतांपैकी तो एक. दुसरी लुआना पॅटन. ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६), ‘सो डिअर टू माय हार्ट’ (१९४९) आणि ‘ट्रेझर आयलंड’ (१९५०) हे त्याचे डिस्नेपट. त्याखेरीज ‘द विंडो’ (१९४९) या रहस्यपटातील खुनाचा साक्षीदार ठरलेला मुलगा त्याने असा साकारला की मार्च १९५० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, त्याला बालकलावंतासाठीचा खास ऑस्कर मिळाला.

१८/
त्यानंतर आला ‘पीटर पॅन’. जे. एम. बॅरी यांचे हे नाटक १९०४ मध्ये लंडनला प्रथम रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून पीटरची भूमिका प्रथेप्रमाणे अभिनेत्रीच करत. डिस्नेने ही प्रथा मोडली आणि खऱ्या मुलाला निवडले. बॉबीने पीटरला आवाज दिला. शिवाय त्याचे हावभाव कॅमेऱ्याने टिपून ते चित्रकारांपुढे नमुना म्हणून ठेवण्यात आले. पडद्यावरील पीटरचा चेहरा म्हणजे काही अंशी बॉबीचाच चेहरा.

चित्रपट ५ फेब्रुवारी १९५३ रोजी प्रदर्शित झाला. पुढच्याच महिन्यात बॉबी सोळा वर्षांचा झाला. त्याच वर्षी डिस्नेने त्याच्याशी असलेला करार संपवला.

१९/
तारुण्यात आलेल्या बॉबीच्या चेहऱ्यावर मुरुमे उठली होती आणि ‘गोंडस मुलगा’ हे त्याचे भांडवल सरले होते. शाळेत इतर मुले त्याच्या चित्रपटांवरून त्याची थट्टा करत. कामे कमी होत गेली, मादक द्रव्यांचे व्यसन लागले, अटक झाली. बालकलावंतांसाठी कॅलिफोर्नियात १९३९ पासून कायदा होता. जॅकी कूगन या नटाने बालपणी मिळवलेला पैसा त्याच्या आई-सावत्रवडिलांनी संपवल्यानंतर तो झाला होता. त्याचा रोख मुलांच्या कमाईचे रक्षण करण्यावर होता. काम थांबल्यावर त्या मुलाचे काय व्हावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

२०/
१९६० मध्ये हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर बॉबीच्या नावाचा तारा बसवण्यात आला. १९६५ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला आणि काही काळ अँडी वॉरहॉल यांच्या कलावंत-वर्तुळात वावरला. ३० मार्च १९६८ रोजी शहराच्या ईस्ट व्हिलेज भागातील एका ओसाड इमारतीत खेळणाऱ्या मुलांना एक मृतदेह सापडला. ओळख पटवणारे कुणीच आले नाही. बेवारस म्हणून तो देह हार्ट बेटावर पुरण्यात आला. १८६९ पासून न्यूयॉर्कचे गरीब आणि अनोळखी मृत तेथे पुरले जातात. आजवर ही संख्या दहा लाखांहून अधिक झाली आहे.

२१/
१९६९ मध्ये बॉबीचे वडील आजारी होते. मुलाची शेवटची भेट घडावी म्हणून आईने शोध सुरू केला आणि त्यासाठी डिस्ने स्टुडिओचीही मदत मागितली. अखेर उत्तर मिळाले ते न्यूयॉर्क पोलिसांच्या दप्तरातील बोटांच्या ठशांवरून. तो अनोळखी तरुण म्हणजेच बॉबी. मृत्यूसमयी वय ३१. जनतेपर्यंत ही बातमी पोहोचायला आणखी काही वर्षे गेली. ज्याचा चेहरा आणि आवाज लाखो मुलांना पाठ होता, त्याला ओळखणारे त्या इमारतीपाशी कुणी नव्हते.

२२/
या पार्श्वभूमीवर चित्रपटाकडे पुन्हा पाहिले की त्याची रचना वेगळी दिसते. सगळा विनोद ‘टाकून दिलेल्यां’विषयीच्या मायेवर उभा आहे. विमा विकणाऱ्या चिपला मित्र परत मिळतो. शस्त्रक्रिया केलेल्या डेलला क्षमा मिळते. कुरूप सॉनिकलाही शेवटी मान मिळतो. अपवाद फक्त एका पात्राचा. वय वाढले म्हणून हाकलला गेलेला मुलगा तेवढा खलनायकच राहतो, यंत्रात सापडून विद्रूप होतो आणि हरतो. वाईट दातांवर दया करणाऱ्या कथेने मोठे होण्याला मात्र माफ केले नाही.

२३/
हे साम्य हेतुपुरस्सर असो वा नसो, इतिहासाच्या अभ्यासकासाठी मुद्दा निराळा आहे. हा चित्रपट ज्या स्मृतीवर चालतो ती स्मृती पात्रांची आहे. कोणत्या वर्षी कोणाचे दात कसे होते, कोणत्या संगणकी योद्ध्याचे डोळे मेलेले होते, हे सारे तो बारकाईने लक्षात ठेवतो. कंपन्यांची संग्रहालये असेच जपतात: रेखाटने, चित्रफिती, हक्कांचे कागद. पात्रामागचे माणूस या जपणुकीत सहज गळून पडते, मग ते संप करणारे चित्रकार असोत, टोकियोतील रेखाटनकार असोत की सोळा वर्षांचा नट. स्वीट पीट उत्तम चपखल बसला, तो बहुधा म्हणूनच. त्या जागी कुणी खरा मुलगा उभा होता, याची आठवण कथेला नव्हती.

२४/
तरीही हा चित्रपट जरूर पाहावा. तो खरोखर मजेदार आहे आणि ॲनिमेशनच्या शंभर गोष्टी हसत हसत शिकवतो. स्वीट पीट पडद्यावर आला की मात्र १९५३ चा ‘पीटर पॅन’ एकदा आठवावा. त्यातला आवाज अजूनही बॉबीचा आहे; प्रत्येक नव्या पिढीला तो ऐकू येतो आणि त्याचे वय वाढत नाही.

कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे बॉबीच्या वडिलांची कबर आहे. तिच्या शिळेवर मुलाचेही नाव कोरलेले आहे. मुलगा तेथे नाही. तो चार हजार किलोमीटर दूर, हार्ट बेटावर, नाव नसलेल्या जागेत आहे.

(थ्रेड समाप्त)